सामायिक वर्कशॉपमध्ये हौसेने काम करणाऱ्यांनी जबाबदारीचा विमा काढायचा कुठला? (गोवा)

रंधेवाला

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नोकरदार माणूस, राहायला पर्वरीत. गेली दोन वर्षं म्हापशाजवळच्या एका शेडमध्ये दर शनिवारी बाकडं भाड्याने घेतो. तिथे टेबल सॉ आहे, पट्टा करवत आहे, प्लेनर आहे, मागे वेल्डिंगचा कोपरा. आम्ही बारा-तेरा जण. एक दातांचे डॉक्टर, एक गणिताच्या बाई (खुर्च्या अशा करतात की बघत राहावं), दोघे बँकेतले. पोटासाठी कोणी करत नाही, सगळी हौस.

चवथीच्या आधी मखरासाठी फणसाच्या फळीतून पट्ट्या काढत होतो. फळी आतून ओली. अर्ध्यावर गेल्यावर चीर मिटली, लाकडाने पातं धरलं आणि हातभर लांबीचा तुकडा सुटून मागे गेला. मी एका बाजूला उभा होतो म्हणून वाचलो. मागे डॉक्टर क्लॅम्प आवळत वाकले होते, त्यांच्या उजव्या कोपराच्या वर बसला. आठ टाके. इस्पितळातून परत आल्यावर त्यांनीच मला चहा पाजला, इतका मी थरथरत होतो.

त्यांनी माझ्याकडे एक पैसा मागितला नाही. पण दातांचा डॉक्टर उजव्या हाताशिवाय काय करणार? दहा दिवस दवाखाना बंद. तो हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

आता शेडच्या मालकाने सगळ्यांच्या हातात नवा करार ठेवलाय. त्यातलं कलम जसंच्या तसं देतो: "सदस्याच्या कृत्यामुळे शेड, यंत्रसामग्री, अन्य सदस्य अथवा त्रयस्थ व्यक्तीस झालेल्या कोणत्याही हानीस सदस्य सर्वस्वी जबाबदार राहील. मालकावर कसलीही जबाबदारी राहणार नाही. सदस्याने स्वतःचा किमान पाच लाखांचा जबाबदारीचा विमा बाळगावा."

ठीक आहे, काढू म्हटलं. एका एजंटाला विचारलं. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि मनी-बॅक प्लॅनचं पत्रक काढलं. दुसऱ्याने आरोग्य विमा दाखवला. तिसरा म्हणाला, "असलं कोण काढतं, बाब?"

तर प्रश्न असा: असा विमा एकट्यादुकट्या हौशी माणसाला मिळतो का? आणि मिळाला तर नेमकं काय भरून निघतं?

तिसवाडीचा वाटसरू

विम्याचं नंतर. आधी सांगा, पात्यामागची फाळ लावली होती का? रायव्हिंग नाइफ म्हणतात ती. ती असती तर चीर मिटली तरी लाकूड पात्याला धरत नाही.

रंधेवाला

नव्हती. आदल्या दिवशी कोणीतरी खाच पाडायला काढून ठेवली होती, मी परत बसवली नाही. लपवत नाही.

मेस्तांचा पोर

माझे आजोबा आणि बाप दोघेही डिचोलीत सुतारकाम करत आले. बापाच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. विमा नाही, करार नाही, काही नाही. शेजारच्याला लागलं तर त्याच्या घरी पेज पोचवायची, औषधाचे पैसे द्यायचे, संपलं. तुम्ही शनिवारी येऊन चार पट्ट्या कापणार आणि त्याला पॉलिसी? यंत्राला घाबरत असाल तर हातकरवत घ्या.

रंधेवाला

भाऊ, पेज पोचवायचीच आहे. डॉक्टरांच्या दहा दिवसांची पेज केवढी होते तेच तर विचारतोय.

दाव्यांची फाइल

पणजीत सरकारी विमा कंपनीच्या कार्यालयात माझी 26 वर्षं गेली, त्यातली निम्मी दाव्यांच्या टेबलावर. आता निवृत्त आहे, कोणाचं काही विकत नाही. तेव्हा सरळ लिहिते.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी नुकसानं एकाच पिशवीत भरली आहेत. तुमच्या हातून दुसऱ्याला लागलं, हे एक. तुमच्या हातून शेडचं यंत्र मोडलं, हे दुसरं. तुम्हाला स्वतःला लागलं, हे तिसरं. जबाबदारीचा विमा फक्त पहिल्याचा. लोक पॉलिसी काढतात पहिल्याची आणि दावा घेऊन येतात दुसऱ्या-तिसऱ्याचा. मग कंपनी चोर ठरते.

आता पहिलं. मोटरसायकलच्या थर्ड पार्टीसारखी इथे कायद्याची सक्ती नाही. 1991 चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा आहे, पण तो भोपाळनंतर आलेला, घातक रसायनं ठराविक प्रमाणाच्या वर हाताळणाऱ्यांसाठी. तुमच्या दोन डबे थिनरचा त्याच्याशी संबंध नाही. जी पॉलिसी लागते ती ऐच्छिक, तिचं नावही पब्लिक लायबिलिटीच. तिच्यात इंडस्ट्रियल आणि नॉन-इंडस्ट्रियल असे दोन प्रकार. तुमची यंत्रं बघून कशात घालायचं ते अंडररायटर, म्हणजे जोखीम तोलणारा कंपनीचा माणूस, ठरवतो.

या पॉलिसीवर दोन आकडे असतात: एका अपघाताला जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात सगळे मिळून किती. वकिलाचा खर्च बहुधा त्याच रकमेतून जातो, हे लक्षात ठेवा. पाच लाखांची पॉलिसी आणि खटला चार वर्षं चालला तर जखमी माणसाला द्यायला किती उरतील, बघा. शिवाय प्रत्येक दाव्यात पहिली काही रक्कम तुम्ही स्वतः भरायची असते.

तिच्यात काय नाही? दंड नाही. तुमचा पगारी मदतनीस नाही, त्याची पॉलिसी वेगळी. करारात तुम्ही होऊन अंगावर घेतलेली, एरवी कायद्याने तुमच्यावर आलीच नसती अशी जबाबदारी नाही. (तुमच्या कलमातला "कोणत्याही हानीस सर्वस्वी" हा भाग इथे पडतो.) आणि ज्यावर सगळे अडखळतात ते म्हणजे तुमच्या ताब्यातली, तुमच्या देखरेखीखालची वस्तू नाही. म्हणजे टेबल सॉ चालवताना तिची मोटर जाळलीत तर ही पॉलिसी हात वर करते. ते मालकाच्या मशिनरी ब्रेकडाउनचं, म्हणजे यंत्र बिघाडाच्या विम्याचं काम, आणि त्यातही झीज धरत नाहीत.

एकट्याला मिळते का? कागदोपत्री आडकाठी नाही. पण शाखेत जाऊन "मी शनिवारी लाकूड कापतो" म्हटलंत तर समोरचा कुठला फॉर्म काढावा या विचारात पडतो. धंदा नाही, जागा तुमची नाही, यंत्र तुमचं नाही. मोजायचं काय? घराच्या काही पॅकेज पॉलिसींत जबाबदारीचा एक भाग असतो, तो वाचून बघा. पण 2021 पासून जी प्रमाणित 'भारत गृह रक्षा' मिळते ती मुळात आगीची पॉलिसी, तिच्यात हे शोधू नका.

म्हणून तेरा जणांनी तेरा ठिकाणी खेटे घालू नका. पॉलिसी शेडच्या नावाने निघाली पाहिजे आणि तुम्ही तिच्यात आत असलं पाहिजे.

रंधेवाला

ताई, फार आभार. पण मालक म्हणतो की त्याने शेडचा विमा काढलेलाच आहे. मग आम्ही त्यात येतोच ना?

दाव्यांची फाइल

नाही येत. उलट तुम्ही समोरच्या बाजूला येता. जरा निवांत वाचा, कारण कराराच्या त्या कलमापेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

मालकाने बहुधा आगीची पॉलिसी काढली असणार. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची. समजा तुम्ही जवसाच्या तेलाने पॉलिश केलं आणि तेलाचे बोळे चुरगाळून भुशाच्या पोत्यावर टाकून घरी गेलात. ते तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. बोळा दाबून ठेवलेला असला की ती उष्णता बाहेर पडत नाही, काही तासांत आपोआप धुमसायला लागतो. शेड जळली. कंपनीने मालकाला पैसे दिले, मालक सुटला. आता कंपनी मालकाच्या जागी उभी राहते आणि ज्याच्या चुकीने आग लागली त्याच्याकडून ते पैसे वसूल करायला निघते. इंग्रजीत सब्रोगेशन म्हणतात. शेवटी नोटीस तुमच्या पर्वरीच्या पत्त्यावर.

म्हणजे मालकाचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. मालक ओळखीचा, तो कदाचित सोडून देईल. कंपनी कशाला सोडेल?

यावर उपाय आहे, आणि तो मालकाच्या हातात आहे. आगीच्या पॉलिसीत "सदस्यांविरुद्ध वसुलीचा हक्क सोडला" असं कलम मागायचं, वेव्हर ऑफ सब्रोगेशन. पब्लिक लायबिलिटीत नोंदणीकृत सदस्यांना विमाधारक म्हणून जोडून घ्यायचं. आणि सगळे एकाच पॉलिसीत आले की ते एकमेकांसाठी "तिसरी व्यक्ती" राहत नाहीत, म्हणून क्रॉस लायबिलिटीचं कलम हवं. ते नसेल तर तुमच्या तुकड्याने डॉक्टरांना लागल्यावर कंपनी म्हणेल, दोघेही आमचेच विमाधारक, घरातलं भांडण घरात मिटवा.

तिसवाडीचा वाटसरू

बोळ्यांबद्दल ताई म्हणतात ते शंभर टक्के. आमच्याकडे एकाने तेलाचं फडकं पत्र्याच्या डब्यात कोंबून ठेवलं होतं, संध्याकाळी डबा हातात धरवेना. तेव्हापासून फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवतो किंवा पाण्याच्या बादलीत टाकतो.

शेडवाला

धागा कोणीतरी पाठवला म्हणून खातं उघडलं. शेड माझीच. रंधेवाल्यांनी नाव घेतलं नाही, आभार.

माझीही बाजू ऐका. ते कलम मी लिहिलेलं नाही, इंटरनेटवरून एका परदेशी वर्कशॉपच्या करारातून उचललं आणि एकाकडून मराठी करून घेतलं. तिकडे म्हणे असा विमा सहज मिळतो. इकडे मिळतो की नाही हे मी बघितलं नाही, चूक झाली.

पण माझं काय जातं ते बघा. पंचायतीचा परवाना, वीज व्यावसायिक दराची, पावसात चार महिने सगळं लोखंड गंजतं, अर्थिंग दरवर्षी तपासून घ्यायचं. 2023 च्या जानेवारीत पिळर्णच्या वसाहतीत रंगाच्या कारखान्याला आग लागली, धूर गावभर पसरला, आजूबाजूच्या लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर माझ्या शेजाऱ्याने मला पहिला प्रश्न केला, "तुझ्याकडे थिनर किती असतं रे?" मी तेव्हापासून नीट झोपत नाही. आणि सदस्य काय करतात? फाळ काढतात आणि ड्रॉवरमध्ये ठेवून जातात.

आगीची पॉलिसी आहे. पब्लिक लायबिलिटी नाही. मला वाटत होतं आगीतच सगळं येतं.

कोर्टाची पायरी

मालकांचा प्रामाणिकपणा आवडला. कायद्याचं थोडं सांगतो, हा सल्ला समजू नका, तुमचा वकील गाठा.

"मालकावर कसलीही जबाबदारी राहणार नाही" अशी सही घेतली म्हणजे मालक मोकळा झाला, असं नाही. सदस्य पैसे देऊन सेवा घेतो, तो ग्राहक. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे आणि राज्य आयोग असं कलम रद्दबातल ठरवू शकतो. उघडी वायर, गार्ड नसलेलं पातं, हे मालकाचं. करारात काहीही लिहा.

पण हेच उलटही आहे. कलम नसतं तरी रंधेवाले डॉक्टरांना जबाबदार ठरू शकले असते. ओली फळी, फाळ न लावणं, मागे माणूस वाकलेला. निष्काळजीपणा म्हणायला आणखी काय लागतं? आणि भरपाई नुसत्या टाक्यांची नसते, बुडालेल्या कमाईचीही असते. दातांच्या डॉक्टरची कमाई आणि माझ्यासारख्याची कमाई यात फरक आहे, लागायचंच तर मला लागू दे.

सदस्याने स्वतःचं रंधा मशीन शेडमध्ये ठेवलं तर? तिथे 1872 चा करार कायदा येतो, कलम 151 आणि 152. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्याने शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची. तेवढी घेतली असेल तर तो जबाबदार नाही, वेगळा करार नसेल तर. म्हणून काय ठेवलं त्याची यादी करून दोघांनी सही करा.

आणखी एक. खुर्च्यांच्या बाई हणजूणच्या बुधवारच्या बाजारात खुर्च्या विकत असतील तर "हौस" हा शब्द विसरा. खुर्ची मोडून गिऱ्हाईक पडलं तर त्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीचं अख्खं प्रकरण आहे. शेडची पॉलिसी तिथे कामाची नाही.

फातोर्डा कट्टा

मी बँकेतून 20 रुपयेवाली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतली आहे, दोन लाखांची. ती पुरेल ना?

दाव्यांची फाइल

जरूर ठेवा, 20 रुपयांत वाईट काय आहे. पण वाचा. अपघाती मृत्यूला दोन लाख, दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे कायमचे गेले तरी दोन लाख. एक हात किंवा एक डोळा गेला तर एक लाख. बोटाला काही नाही. आणि सुतारकामात जातं ते बोट.

त्याला खाजगी वैयक्तिक अपघात विमा लागतो. त्याच्यात बोटांचा तक्ता असतो. मी ज्या तक्त्यावर वर्षानुवर्षं दावे काढले त्यात अंगठ्याची दोन्ही पेरं गेली तर विमा रकमेच्या 25 टक्के, तर्जनीची तिन्ही गेली तर 10, मधल्या बोटाला 6. करंगळीला 4. मेस्तांच्या पोराच्या वडिलांना अर्ध्या करंगळीचे त्याहूनही कमी मिळाले असते, पण मिळाले असते. काही पॉलिसींत काम बंद पडलं तर दर आठवड्याला विमा रकमेचा 1 टक्का, जास्तीत जास्त 100 आठवडे, अशी सोय असते. तिची वरची मर्यादा विचारून घ्या.

आणि फॉर्मवर नुसतं "बँक कर्मचारी" लिहून थांबू नका. यंत्रांवर लाकूडकाम करतो, हे लिहा. हप्ता थोडा चढेल. लपवलंत तर दाव्याच्या दिवशी तोच कागद तुमच्यासमोर येतो. मी स्वतः असे कागद लोकांसमोर ठेवलेत, त्यांचे चेहरे अजून आठवतात.

मेस्तांचा पोर

बापाला वाचून दाखवलं. म्हणाला, "चार टक्के? मग ठीक आहे, करंगळी तशी कामाची नव्हतीच." पण मग विचारलं, आता काढता येतो का. वय 66.

दाव्यांची फाइल

66 ला 20 रुपयेवाली मिळते, 18 ते 70 वयाची अट आहे. बँकेत खातं हवं. उद्याच घेऊन जा त्यांना.

तिसवाडीचा वाटसरू

दावा नाकारला तर काय, हेही लिहून ठेवतो, मी त्यातून गेलोय. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. माझ्या वेळी गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे होतं, आता पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. फी नाही, वकील लागत नाही, भरपाईची मर्यादा 50 लाख. मुंबईला जावं लागणार म्हणून मी वर्षभर घालवत होतो, आणि मुदत एका वर्षाचीच असते. ऑनलाइन तक्रार चालते हे शेवटच्या महिन्यात कळलं.

चतुर्दशीची पहाट

विषयाला धरूनच विचारतो. आमचं मंडळ दरवर्षी दिवाळीत जाळायचा नरकासुराचा पुतळा करतं. यंदा मान फिरवणारा आणि हात हलवणारा करायचाय, अँगलचा सांगाडा वेल्ड करायला शेड मागितली आहे. पंधरा-वीस पोरं येतील. आम्हीही या विम्यात येऊ का?

शेडवाला

हाच तो अर्ज टेबलावर पडून आहे.

दाव्यांची फाइल

नोंदणीकृत सदस्य म्हणजे ज्यांची नावं कंपनीकडे गेली ते. आयत्या वेळी आलेली वीस पोरं त्यात नाहीत. आणि गवत, कागद, भुसा आणि वेल्डिंगची ठिणगी एका छपराखाली? फक्त सांगाडा शेडमध्ये, वेल्डिंग करणाऱ्या दोघांची नावं सदस्य म्हणून घालून. गवत भरणं, कागद लावणं चौकात. नरकासुर पहाटे जाळायचा असतो, आदल्या संध्याकाळी नव्हे.

दाढ

मी तो डॉक्टर. टाके निघाले, हात वळतो आहे, पहिली दाढ काल काढली. रुग्ण ओरडला नाही.

रंधेवाले, तुम्ही दहा दिवसांचा हिशेब मांडून बसलात हे मला इथे वाचून कळलं. माझ्याकडे आठवड्याला पैसे देणारी अपघात पॉलिसी आहे, दावा टाकलाय. त्यांनी विचारलं, अपघात कुठे झाला. लिहिलं, सुतारकामाच्या शेडमध्ये. मग विचारलं, व्यवसाय काय. लिहिलं, दंतवैद्य. आता तिसरं पत्र आलंय: दंतवैद्य सुतारकामाच्या शेडमध्ये काय करत होता, याचा खुलासा करा. ताई, तुमचा तो चेहऱ्यांचा परिच्छेद मी दोनदा वाचला. माझ्या फॉर्मवर हौस लिहिलेली नाही.

खुलासा खरा आहे तसाच लिहून पाठवतो. मिळाले तर मिळाले.

रंधेवाला

डॉक्टर, नाही मिळाले तर मी आहे. हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

बाकीच्यांसाठी: काल मी आणि शेडवाले मिळून पणजीला एका शाखेत जाऊन आलो. ताईंनी सांगितलेले तीन मुद्दे कागदावर लिहून नेले होते: सदस्य विमाधारक म्हणून, क्रॉस लायबिलिटी, आगीच्या पॉलिसीत वसुलीचा हक्क सोडणं. समोरच्या अधिकाऱ्याने कागद वाचून आधी आमच्याकडे बघितलं, मग साहेबाला बोलावलं. त्यांनी यंत्रांची यादी मागितली, सदस्यांची नावं, शेडचा नकाशा दारांसकट, अग्निशामकांची पावती, अर्थिंगचा अहवाल, थिनर किती आणि कुठे ठेवता ते. पॉलिसी 'क्लेम्स मेड' आहे, म्हणजे अपघात आणि दावा दोन्ही पॉलिसी चालू असताना व्हायला हवेत. मध्ये एक वर्ष खंड पडला तर मागचं सगळं गेलं, म्हणून नूतनीकरण चुकवायचं नाही, असं साहेबांनी दोनदा बजावलं. हप्ता अजून सांगितलेला नाही. जो येईल तो तेरा जणांत वाटून भाड्यात घालायचं ठरलंय. मदतनिसाची पॉलिसी शेडवाले वेगळी काढणार.

करारातलं ते कलम निघालं. त्या जागी आता फाळ, गार्ड, तेलाची फडकी आणि यंत्रामागे उभं न राहणं याबद्दल चार ओळी आल्या आहेत. सुतळीने बांधलेली फाळ सॉच्या पायाला लटकते आहे, काढली तर ड्रॉवरपर्यंत पोचत नाही.

मंगळवारी दुपारी पाहणीला माणूस येणार आहे. सोमवारी संध्याकाळी भुसा काढायला कोण कोण येतंय?

मेस्तांचा पोर

मी येतो. पोती घेऊन येतो.